लेकीच्या जन्माचं ठिकाण

माझी लेक नर्सिंगचं शिकून हैदराबादच्या एका खासगी दवाखान्यात लागली. काही वर्षं काम केल्यावर तिनं परदेशातल्या नोकरीसाठी नाव दिलं. तिकडची भाषा शिकली, परीक्षा दिली, मुलाखत दिली. सगळं जुळत आलं आणि एका सकाळी तिचा फोन आला. मी शिलाई मशीनवर होते. लग्नसराईचे दिवस, ब्लाउजांचे गठ्ठे पडलेले, म्हणून फोन खांद्यानं कानाला दाबून धरला आणि पाय चालूच ठेवले.

"आई, माझा जन्माचा दाखला कुठं हाय?"

"शाळेची टी.सी. हाय की तुझ्यापाशी. तारीख हाय त्यात."

"टी.सी. चालत न्हाई म्हणायलेत. जन्माचाच पाहिजे, सही-शिक्क्याची नक्कल. लवकर काढून पाठव. ह्याच बॅचमध्ये नाव हाय माझं."

बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मशीन थांबलं. कपाटात शोधायचं काही कारण नव्हतं. तिच्या जन्माची नोंदच कुठं झाली नव्हती, तर नक्कल निघणार कशाची?

माझं सासर कर्नाटकात, खटकचिंचोळीजवळच्या एका खेड्यात आणि माहेर उदगीरच्या पलीकडं. मधून राज्याची हद्द जाते. आमच्याकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुना तिकडून येतात, लेकी तिकडं जातात, बाजारहाटही दोन्हीकडं चालतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला सातव्या महिन्यातच न्यायचं ठरलं होतं. पण घरात नणंदेचं लग्न निघालं आणि कामाला हात कमी पडायला लागले. लग्न उरकेपर्यंत मला नववा लागला. मग एके दिवशी सकाळी सासूबाई मला घेऊन निघाल्या. मालक लग्नाची भाड्यानं आणलेली भांडी परत करायला गेले होते, ते मागून येणार होते.

बस बदलून आम्ही काळीपिवळी जीप धरली. नेहमीसारखी माणसं कोंबलेली. हद्दीच्या अलीकडं रस्ता पार उखडला होता. एकेक दणका बसत गेला तशी माझी कंबर भरून आली.

"आत्याबाई, दुखायलंय," मी सासूबाईंना म्हणाले.

"दम धर. दवाखाना आलाच आता."

थोड्या वेळानं पाणी गेलं, सीट भिजली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली.

त्या जागी रस्त्याकडेला दोन पाट्या आहेत. एक पाटी आपलं राज्य संपलं म्हणून सांगते. थोडं पुढं गेलं की दुसरी पाटी त्यांचं राज्य सुरू झालं म्हणून सांगते. जीप त्या दोन पाट्यांच्या मधे उभी राहिली. पुरुष उतरून पुढं चालत गेले. शेजारच्या शेतात मशीन लावून तुरीची रास चालली होती. तिथून एक उंच अक्का धावत आली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, केसांत सगळा भुसा. तिनं मला पाहिलं, आधी कानडीत काहीतरी म्हणाली, मग मराठीत, "हितं न्हाई जमायचं. खाली घ्या हिला." मला बांध ओलांडून तिच्या शेतात नेलं, तुराट्यांच्या गंजीच्या आडोशाला. राशीवरच्या बायांनी लुगडी धरून पडदा केला.

पुढचं मला सलग आठवत नाही. तुराट्या पाठीला टोचत होत्या. भुसा उडून तोंडात जात होता. मग कुणीतरी मशीन बंद केलं आणि एकाएकी इतकं शांत झालं की माझंच ओरडणं मला परक्या बाईचं वाटलं. नाळ अक्कानंच कापली. पोरगी झाली.

त्याच जीपनं मला पलीकडच्या गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले आणि कार्डावर लिहिलं, "वाटेत प्रसूती." मालक नोंद करायला गेले तेव्हा तिकडच्या कचेरीत म्हणाले, बाळ आमच्या हद्दीत झालेलं नाही. आमच्या गावच्या तलाठ्यानं सांगितलं, बाळंतीण तेव्हा गावातच नव्हती, जिथं जन्म तिथं नोंद. मालकांनी चार खेपा घातल्या. मग हरभरा काढायला आला, मग गिरणीचं काम निघालं, आणि विषय मागं पडला. शाळेत घालताना मास्तरांनी तारीख विचारली, मी सांगितली, त्यांनी लिहून घेतली. पुढची सगळी कागदं त्या तारखेवर होत गेली. घरात कुणी विचारलं तर "उदगीरकडं जन्मली" एवढं म्हणायची सवय पडली. लेकीलाही तेवढंच माहीत होतं.

तर आता तिच्या नोकरीसाठी ते सगळं पुन्हा उकरायचं होतं. मालकांची पिठाची गिरणी आहे. गिरणी बंद राहिली की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं, म्हणून बहुतेक खेपा मीच केल्या. दवाखान्याचं जुनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघायची, आणि दिवस मावळताना तीच पिशवी घेऊन परत यायची.

आधी पलीकडच्या गावी गेले. तो दवाखाना कधीच बंद झाला होता. डॉक्टरीणबाई मुलाकडं परगावी राहायला गेल्या होत्या, इमारतीत फर्निचरचं दुकान होतं. तिथल्या कचेरीत खिडकीवरच्या माणसाला मी नणंदेच्या लग्नापासून सांगायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला.

"बाई, जन्म कुठं झाला तेवढं सांगा."

"तेच सांगायले."

त्यानं कार्ड वाचलं, उलटून बघितलं आणि परत दिलं. "वाटेत म्हणजे आमच्याकडं नाही. तुमच्याकडं बघा."

आमच्या तालुक्याच्या गावी खिडकीवरच्या बाईनं कानडीत विचारलं, "एल्ली हुट्टिद्दु?" म्हणजे कुठं जन्मली? मला कानडी समजतं, बाजारापुरतं बोलताही येतं. पण बाळंतपण कानडीत सांगायची वेळ कधी आली नव्हती. पाणी गेलं ह्याला काय म्हणतात ते मला सुचेना. मागं रांग होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसाला माझी दया आली आणि तो माझं एकेक वाक्य मोठ्यानं कानडीत करून सांगायला लागला. सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. माझी सीट कशी भिजली, मला खाली कसं घेतलं, सगळं. मी पदर ओढून फरशीकडं बघत उभी राहिले. एवढं होऊन उत्तर आलं ते हेच, की जिथं जन्म तिथं नोंद.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. साहेब नाहीत, सर्व्हर नाही, उद्या या, जेवणानंतर या. ज्या बायांचे ब्लाउज राहिले त्यांनी ते दुसरीकडं नेले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की मला झोप लागायची आणि दचकून जाग यायची ती पिशवी चाचपायला. सांगता सांगता माझी गोष्टही आखडत गेली. शेवटी मी एवढंच म्हणायची, "वाटेत जन्मली. दोन पाट्यांच्या मधे."

एकानं सांगितलं म्हणून मी हद्दीजवळच्या, आमच्याच बाजूच्या गावच्या पंचायतीत गेले. तिथं टेबलावर एक तरुण बाई होती. तिनं मला आधी बसायला खुर्ची दिली.

"काकू, पाटीचं काय बघताव तुमी? पाटी रोवणारा कुठंबी रोवतंय. ज्या शेतात लेकरू झालं त्या शेताचा उतारा कुणीकडं निघतंय ते बघायचं. आपल्याकडं निघत असला तर नोंद आपल्याकडं."

माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं होतं. "मग व्हईल का?" मी विचारलं.

"व्हईल. टाइम लागंल. शेताचा उतारा आणा. त्या टायमाला हजर असलेलं माणूस आणा, तालुक्याच्या साहेबापुढं सांगायला. दोन्ही कचेऱ्यांतनं 'आमच्याकडं नोंद न्हाई' असं लिहून घ्या. मग साहेबाचा हुकूम, मग नोंद, मग नक्कल."

हजर असलेलं माणूस! सासूबाई वारून बरीच वर्षं झाली होती. जीपवाला कुठला, कोण, कुणाला ठाऊक. राहिली ती अक्का. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

गिरणी बंद असते त्या दिवशी मालकांनी मला मोटरसायकलवर बसवून तिकडं नेलं. रस्ता आता रुंद झालाय, कडेची झाडं गेलीत, पाट्याही नव्या लावल्यात. मी कुठं पडले होते ते मला ओळखू येईना. दोन्ही पाट्यांच्या मधे आम्ही दोन-तीनदा इकडून तिकडं गेलो. शेवटी एका चहाच्या हॉटेलात विचारलं. हॉटेलवाला कपबशा विसळत होता. मालकांनी जीपमधल्या बाळंतपणाचं नाव काढताच तो म्हणाला, "ते व्हय? ते तर आमच्या वडिलाच्या टायमाचं. त्या अक्काचं घर वस्तीवर हाय बगा, विहिरीपाशी."

अक्काची दोन मुलं घरी होती. दोघंही आता पोराबाळांचे बाप. आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मालकांनी सगळं सांगितलं. थोरला ऐकत होता, मधे मधे मान हलवत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला,

"म्हंजे आमच्या शेताचा उतारा पाहिजे तुमाला."

"नक्कल फकस्त," मालक म्हणाले.

"आन् मायचा अंगठा पाहिजे."

"साहेबापुढं सांगायचं, एवढंच."

थोरला धाकट्याकडं बघून हसला. "पावणं, असंच एवढंच म्हणून भावकीतल्यानं आमच्या आज्याचा अंगठा घेतला होता. वरचं रान गेलं त्यात."

"आमाला तुमच्या रानाचं काय करायचंय?"

"आज न्हाई. उद्या तुमची पोरगी म्हणंल, मी ह्या जमिनीवर जन्मले, सरकारी कागद हाय माझ्यापाशी. मग आमी काय करावं?"

मालकांचा पारा चढला. "असं असतं तर दवाखान्यात जन्मलेल्यांनी दवाखाने वाटून घेतले असते!"

धाकटा उठून उभा राहिला. मी मालकांचा सदरा मागून ओढला. इतक्या खेपा घालून इथं येऊन भांडण झालं असतं तर पुन्हा कुठून सुरुवात करायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या अंगात भांडायचीसुद्धा ताकद नव्हती. मी हात जोडून "चला, जाऊ" म्हणणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"यव्वा, हिकडं ये."

आतल्या खोलीत कॉटवर ती अक्का बसली होती. उंची कॉटवर बसूनही कळत होती, पण अंग वाळून गेलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. तिनं माझा हात धरला आणि तळवा अंगठ्यानं चोळला.

"लग्नघरची न्हाई का तू? मेंदी गेली न्हवती हाताची."

मला नणंदेच्या लग्नातली ती मेंदी आठवतही नव्हती. "व्हय अक्का," मी म्हणाले.

"पोरगी हाय?"

"हाय. नर्स झाली."

"आणून दाखीव मला. तिला बघितल्याबिगर मी कुठं येणार न्हाई."

मुलं दारातून म्हणाली, "माय, तू गप बस की." पण तिनं माझा हात लवकर सोडला नाही.

लेकीला फोन केला तर ती चिडली. "एक म्हातारी बघायला बोलवायली म्हणून रजा टाकू? कामून? आन् शेतात म्हंजे काय? मी दवाखान्यात न्हाई जन्मले का?"

"तू ये. मग सांगते," मी म्हणाले. मला आणखी एका माणसाला ते सगळं सांगायचं जिवावर आलं होतं, मग ते माणूस माझं स्वतःचं का असेना.

ती आली. ड्युटी उरकून तशीच बसमध्ये बसली होती, डोळे लाल होते. वस्तीकडं जाताना रिक्षात मी तिला सांगितलं, कचेरीत सांगायची तसंच, दोन वाक्यांत. ती बाहेर बघत राहिली.

अक्कानं तिला कॉटवर जवळ बसवलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं चाचपलं, कानापासून मागं मानेपर्यंत.

"हे डोस्कंच अडकलं होतं," अक्का म्हणाली. "आता केस लई झाले."

लेक हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. दवाखान्यात विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "अक्का, नाळ कशानं कापली?"

"नव्या बिलेडनं. हाटेलातनं आणायला लावलं. कढत पाण्यात टाकून घेतलं. बाया इळा घे म्हणायल्या, मी न्हाई घेतला."

"वार पडली का सगळी?"

"लौकर पडंना. रगत थांबंना. हिची सासू मातीत बसून रडायली. मी हितं दाबून धरलं." अक्कानं आपल्या ओटीपोटावर हात ठेवून दाखवलं. "जीपवाल्याला म्हणलं, लेकरू र्‍हाऊ दे माझ्यापाशी, आईला पळीव आधी. त्यानं दोघींला बी नेलं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं बाळ झालं, लगेच जीपमध्ये घातलं, निघालो. मधे एवढं काही होऊन गेलं होतं आणि तिथं मी असूनही नव्हते.

लेकीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "आई, रक्त चढवलं होतं का तुला?"

"कुठलं रक्त. सलाईन लावली होती."

"किती दिवस पडून होतीस?"

"सगळा उन्हाळा. उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायची."

"आन् दुसऱ्या वेळी?"

"दुसरी वेळ कुठं आली," मी म्हणाले.

एवढ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, सगळ्यांनी मला कुठं झालं ते विचारलं. मला काय झालं, हे विचारणारी हीच पहिली. आमच्या घरात एकच लेकरू का, ह्यावर गावानं पुष्कळ बोलून घेतलं होतं, सासूबाईंनीही बोलून घेतलं होतं. मी कुणाला उत्तर दिलं नव्हतं कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. लेकीनं काही समजावून सांगितलं नाही. पण उठताना तिनं माझ्या हातातली पिशवी स्वतःकडं घेतली.

जाण्याआधी तिनं मोबाईलचा उजेड अक्काच्या डोळ्यांत पाडून बघितला. "मोतीबिंदू पिकलाय," ती थोरल्याला म्हणाली. "अजून थांबू नका. ऑपरेशन साधं असतंय."

थोरला चौकटीला टेकून उभा होता. "दिसंल का तिला?"

"दिसायला पाहिजे."

त्यानं मान खाजवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "उतारा काढून देतो मी. पर कागदावर 'शेतात' असं लिवू नका. नुसतं गावाचं नाव लिवा."

"नुसतं गावाचं," मी म्हणाले. मला दुसरं काय पाहिजे होतं?

अक्काला साहेबाच्या कचेरीत न्यायच्या दिवशी साहेब मीटिंगला गेले होते. तिला ऑटोतून उतरवून, कडुनिंबाखाली बसवून आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. धाकटा सारखा घड्याळ बघत होता. अक्कानं फडक्यात बांधून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, मला अर्धी दिली, आणि खाऊन तिथंच कलंडली. साहेब आलेच नाहीत. परत जाताना मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "माझं काय काम खोळंबलंय?"

दुसऱ्या खेपेला साहेब भेटले. वयानं लहान होते, खालच्या कर्नाटकातले. त्यांच्या टेबलावर फायलींचे ढीग होते आणि डोळे माझ्या लेकीसारखेच जागरणाचे. त्यांचं कानडी निराळं, अक्काचं कानडी आमच्याकडचं, निम्मं मराठी मिसळलेलं. त्यांना तिचं समजेना, तिला त्यांचं समजेना. मग थोरला पुढं झाला आणि दोघांच्या मधे बोलायला लागला. साहेबांनी विचारलं, जागा नक्की कुठली, हद्दीच्या अलीकडची की पलीकडची?

थोरल्यानं विचारलं. अक्का कानडीत बोलली आणि ह्या वेळी साहेबांना आपोआप समजलं.

"बाळ जमिनीवर पडलं. जमीन माझ्या सासऱ्याची. सारा आम्ही ह्याच सरकारला भरतो."

साहेबांनी उतारा बघितला, कार्ड बघितलं, अक्काचा अंगठा घेतला, सही केली. मी एवढ्या दिवसांत मनात किती वेळा तो प्रसंग रंगवला होता; साहेब अडवतील, मी काय म्हणेन, अक्का काय म्हणेल. सगळं चहा गार व्हायच्या आत उरकलं.

पण हुकूम हातात पडायला, त्याची नोंद व्हायला, आणि नोंदीची नक्कल निघायला आणखी बरेच दिवस गेले. कुणाची हरकत आहे का म्हणून भिंतीवर नोटीस लागली. एकदा माझं नाव माहेरचं लिहिलं गेलं, ते दुरुस्त करावं लागलं. पंचायतीतल्या त्या तरुण बाईची बदली झाली आणि नव्या माणसाला पुन्हा सगळं सांगावं लागलं. अखेर एके दिवशी त्यानं शिक्का मारलेल्या नकला माझ्यापुढं सरकवल्या. मी जास्तीच्याच मागून घेतल्या होत्या. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, आणि जन्माचं ठिकाण म्हणून त्या गावाचं नाव, जिथं आमचं कुणीच राहत नाही. मला आनंद होईल असं वाटलं होतं. मी बाकावर बसले आणि मला उठवेना. शिपायानं येऊन विचारलं, "आजी, पाणी पाहिजे का?" मी अजून आजी झालेली नाही. पण त्या दिवशी मी तशीच दिसत असणार.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ती बॅच गेली."

"कधी?"

"झाले की दिवस. तुला सांगितलं न्हाई. तू पळायलीस तर पळू दे म्हणलं. पुढच्या वेळी लागंलच की दाखला."

मी रागवायला पाहिजे होतं. मी एवढंच विचारलं, "जेवलीस का?" ती अजून हैदराबादलाच आहे. पुढची बॅच कधी निघते ते तिलाही ठाऊक नाही. सुट्टीला आली की मात्र माझी नाडी बघते, डोळ्याची पापणी ओढून बघते, गोळ्या आणते आणि घेतल्या का म्हणून फोनवर विचारते.

नक्कल मिळाल्यावर मी आणि मालक अक्काला साडी-चोळी करायला गेलो. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवा चष्मा काढून तिनं मला नीट निरखून पाहिलं.

"तू बी म्हातारी झालीस की गं," ती म्हणाली.

मी तिची ओटी भरली. तिनं घरच्या तुरीची डाळ बांधून दिली. दिवस कलला होता, अंधार पडायच्या आत घर गाठावं म्हणून मालकांनी मोटरसायकलची किल्ली काढली. तेवढ्यात धाकटा मुलगा अवघडून पुढं आला. पहिल्या दिवशी मालकांवर उठून उभा राहिलेला तोच.

"वहिनी, एक इचारायचं होतं. आमची पोरगी पलीकडच्या दवाखान्यात झाली. दाखला हाय, पर त्यात नावच न्हाई, नुसतं 'मुलगी' लिवलंय. शाळावाले नाव घालून आणा म्हणायलेत. तिकडं गेलं की हिकडं जा म्हणतेत. आता कसं करावं?"

त्याची बायको पोरीला पुढ्यात धरून चौकटीत उभी होती. मालकांनी माझ्याकडं बघितलं. चल, असंच त्यांना म्हणायचं होतं. माझे पाय दुखत होते आणि त्या खिडक्यांचं नाव काढलं तरी अंगावर काटा येत होता. मी चपला काढल्या आणि परत घोंगडीवर बसले.

"दवाखाना चालू हाय का अजून?" मी विचारलं.

"हाय."

"मग निम्मं काम झालं म्हणा," मी म्हणाले, आणि आधी कुठं जायचं ते त्याला सांगायला लागले.